खोक्यात गेम आहे का, ते आधी बघा

मुलाच्या वाढदिवसाला कन्सोलचा गेम घ्यायला निघालात? मग आधी घरातला कन्सोल नीट बघून घ्या. प्लेस्टेशन ५ ब्लू-रे डिस्कवर चालतो, पण त्याच्या डिजिटल एडिशनला डिस्क घालायची खाचच नसते. एक्सबॉक्स सिरीज एसलाही नसते. निन्टेंडो स्विचला लागतं ते छोटं कार्ड. डिस्क घरी आणली आणि घालायला जागाच नाही, तर पोराचं तोंड बघवणार नाही.

डिस्क छापायला स्वस्त. कार्डात चिप असते, ती महाग. डिस्कवरून वाचायला वेळ लागतो, म्हणून प्लेस्टेशन ५ सगळा गेम आधी स्वतःकडे उतरवून घेतो. तरीही खेळताना डिस्क आत लागतेच! तेव्हा गेम उतरवायला कन्सोलमध्ये जागा रिकामी आहे का, तेही पाहा.

खरी गोम पुढे आहे. २०२५ साली स्विच २ आला, त्याबरोबर ‘गेम-की कार्ड’ आलं. दिसायला कार्डच, पण त्यात गेम नसतो, नुसती किल्ली असते. गेम इंटरनेटवरून उतरवायचा आणि कार्डही घालून ठेवायचं. खोक्याच्या दर्शनी बाजूला खाली तशी पट्टी असते, किल्लीच्या चित्रासकट. ती वाचा. ‘सायबरपंक २०७७’ अख्खा ६४ जीबीच्या कार्डावर मिळतो, ‘स्ट्रीट फायटर ६’ मात्र असा किल्लीवाला.

डिस्कवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. प्लेस्टेशन ५च्या डिस्कवर १०० जीबीपर्यंत मावतं. पण २०२२च्या ‘कॉल ऑफ ड्यूटी’च्या डिस्कवर जेमतेम ७० एमबी होते, बाकी सगळं डाउनलोड. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घर चालत असेल, तर असा गेम उतरेपर्यंत दिवसाचा डेटा केव्हाच संपलेला असतो.

काही खोक्यांत तर नुसता कोड लिहिलेला कागद निघतो. कोड एकदा वापरला की गेम त्या खात्याला चिकटला. पुढे विकता येत नाही, मावसभावाला खेळायलाही देता येत नाही. किल्लीवालं कार्ड निदान दुसऱ्याला देता तरी येतं.

आता जपणुकीचं. डिस्क कडेनं धरा. पुसायची तर मऊ कापडानं, मधून कडेकडे, सरळ. गोल गोल नाही. ओरखड्यांवर टूथपेस्टचा उपाय कुणी सांगितला तर हसून सोडून द्या. कारण ब्लू-रेवरची माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असते. कार्डावर फुंकर मारू नका, तोंडातला ओलावा त्याच्या सोनेरी पट्ट्यांवर बसतो. स्विचच्या कार्डाला मुद्दाम कडू लेप दिलेला असतो, लहान मुलानं तोंडात घातलं तर थुंकावं म्हणून. तरीही कार्ड इतकं लहान आहे की रांगत्या बाळाच्या हाती लागू देऊ नका.

दुकानात लाजू नका. “इंटरनेट नसताना हा चालेल का?” एवढं विचारा. ‘हो’ म्हणाले तर खोक्यावर तसं दाखवायला सांगा, मगच पैसे द्या.