पहिले चार थेंब



या सदरातून आम्ही आजवर व्हिसाच्या रांगा, मुलांचे मराठी आणि नोकरीच्या ठिकाणी दिसणारी जात यांविषयी लिहीत आलो. आजचा विषय स्वयंपाकघरातल्या एका साध्या चमच्याचा आहे. नुकत्याच बाळंत झालेल्या आईला स्वतःच्या हाताने दूध काढता यावे आणि ते तिला कोणीतरी आधीच शिकवावे, एवढेच आम्हाला सांगायचे आहे. हे ज्ञान आमच्याकडे उशिरा आले, म्हणून ते इतरांकडे वेळेवर पोहोचावे अशी इच्छा आहे.

आमची मुलगी साडेतीन आठवडे आधी जन्मली. वजन बरे होते, रडणेही खणखणीत होते, पण असे थोडे लवकर आलेले बाळ झोपाळू असते. ते छातीशी धरले की दोनदा ओठ हलवी आणि झोपून जाई. दर काही तासांनी तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन साखर तपासली जात होती. साखर खाली गेली की पावडरचे दूध द्यावे लागेल, असे सांगण्यात आले आणि ते दोनदा द्यावे लागले. त्यात गैर काहीच नव्हते. बाळाला अन्न हवे होते आणि ते मिळाले.

आमची तयारी मात्र आम्हाला चोख वाटत होती. विम्यातून मिळालेला विजेचा पंप पिशवीत होता, त्याची पुस्तिका आम्ही पानन् पान वाचली होती, फोनवर तक्ताही तयार होता. दोघेही संगणकाच्या व्यवसायातले, त्यामुळे यंत्रावर विश्वास जरा अधिकच. पंप पंधरा मिनिटे चालला. बाटली कोरडी राहिली. प्लॅस्टिकच्या नळीला तेवढा पिवळसर ओलावा चिकटलेला दिसला. बाळाच्या आईने तोंड भिंतीकडे फिरवले आणि म्हणाली, "मला दूधच नाही."

त्या एका वाक्यात वीस तास गेले. तीन पाळ्या बदलल्या. हसतमुख माणसे आली आणि गेली. भिंतीवर स्तनपानाचे सुंदर चित्रही होते. पण हात कसा धरायचा, हे कोणी दाखवले नाही. अखेर रात्रपाळीच्या एका परिचारिकेने पंप बाजूला ठेवला, स्वच्छ चमचा मागवला आणि बाळाच्या आईचाच हात तिच्या स्तनावर ठेवून शिकवायला सुरुवात केली. दोन मिनिटे काही आले नाही. मग पहिला थेंब आला, गर्द पिवळा आणि मधासारखा दाट. चार थेंब झाल्यावर परिचारिका म्हणाली, "हे बघा, दूध होतेच. यंत्राला ते उचलता येत नव्हते."

चमचा बाळाच्या खालच्या ओठाला लावला. झोपेतच तिने जीभ बाहेर काढली आणि ते चाटून घेतले.

पहिल्या दोन-तीन दिवसांतील चीक थोडा आणि चिकट असतो. पहिल्या दिवशी एका वेळी काही मिलिलिटर, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या आसपास मिळाला तरी ते नैसर्गिक आहे. एवढा थोडा द्रव पंपाच्या भागांना लागूनच संपतो. हाताने काढला तर तो थेट चमच्यात येतो. पुढे दुसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या दरम्यान दूध उतरते, मग पंपाचाही चांगला उपयोग होतो. स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. जेन मॉर्टन यांनी वेळेआधी जन्मलेल्या बाळांच्या मातांचा अभ्यास केला. तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या तीन दिवसांत पंपाच्या जोडीने दिवसातून पाचाहून अधिक वेळा हातानेही दूध काढणाऱ्या मातांना पुढील आठवड्यांत अधिक दूध आल्याचे त्यात दिसले.

आता कृती. हात साबणाने धुवावेत. बाळ जवळ असावे. ते दुसऱ्या विभागात ठेवलेले असल्यास त्याचे दुपटे तरी नाकाजवळ असावे, कारण पान्हा फुटणे हे मनाच्या स्वस्थतेशी आणि बाळाच्या स्पर्श-गंधाशी जोडलेले आहे. छातीवर कोमट कापड ठेवून हलक्या हाताने चोळावे. मग अंगठा वर आणि बोटे खाली, अशी पकड स्तनाग्रापासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे धरावी. आधी बोटे छातीच्या दिशेने मागे दाबावीत, मग अंगठा आणि बोटे एकमेकांकडे आणावीत, मग सोडावे. मागे, जवळ, सैल. हीच लय धरावी. बोटे कातडीवरून घसरवू नयेत, स्तनाग्र पिळू नये. थेंब थांबले की बोटांची जागा फिरवावी, मग दुसरी बाजू घ्यावी. दुखत असेल तर कृती चुकते आहे, असे समजून थांबावे आणि मदत घ्यावी.

बाळ ओढत नसेल किंवा दूर असेल, तर जन्मानंतर पहिल्या काही तासांतच सुरुवात करावी आणि चोवीस तासांत आठ-दहा वेळा, रात्रीही, हे करावे. जितके काढले जाईल तितके तयार होते. आणखी एक, हात आईचाच असावा. नवऱ्याने, सासूने किंवा परिचारिकेने जोर लावू नये. आम्हा पुरुषांचे काम चमचा धरणे, वेळ लिहिणे, पाणी देणे आणि खोलीतली गर्दी कमी करणे, एवढेच आहे. तेही थोडे नाही.

साठवणुकीविषयी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांचे सांगणे असे: निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळासाठी ताजे काढलेले दूध २५ अंश सेल्सियसपर्यंतच्या खोलीत ४ तास, फ्रिजमध्ये ४ दिवस आणि फ्रीजरमध्ये सुमारे ६ महिने चांगले राहते. ते मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नये. अतिदक्षता विभागातील बाळासाठी त्या विभागाचे नियम पाळावेत.

ही गोष्ट फोनवर सांगितली तेव्हा नागपूरहून आई म्हणाली, "बेटा, यात नवीन काय? तुझी आजी वाटी-चमचाच घेऊन जायची बाळंतिणीकडे." आम्ही क्षणभर गप्प झालो. महाराष्ट्रातील अनेक गावांत सुईणपण महार-मांग वाड्यांतील बायकांकडे असे. ज्यांची सावली चालत नसे, त्यांचे हात बाळंतिणीच्या खोलीत चालत. काम झाले की त्याच हातांना पुन्हा उंबऱ्याबाहेर उभे केले जाई. विद्या त्यांची आणि विटाळही त्यांचाच, असा तो न्याय होता. शिकून, पदव्या घेऊन आम्ही इतक्या दूर आलो, तो विटाळ मागे टाकणे योग्यच होते. त्याच्याबरोबर ती विद्याही मागे राहिली, हे मात्र त्या रात्री कळले. अर्थात जुने ते सारे सोने नव्हे. चीक 'जड' म्हणून फेकून देणे, पहिल्या दिवशी मध चाटवणे, या प्रथा सोडायलाच हव्यात. एक वर्षाखालील बाळाला मध देणे धोक्याचे आहे.

बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे गमावली. एकटे यशवंतराव मोठे झाले. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती-लाभाचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीपूर्वी आणि नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची भूमिका होती. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. आज आपण राहतो त्या देशात केंद्रीय कायद्याने मिळते ती पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत बारा आठवड्यांची, तीही बिनपगारी रजा. मात्र डिसेंबर २०२२ च्या कायद्याने बहुतेक नोकरदार मातांना बाळ एक वर्षाचे होईपर्यंत दूध काढण्यासाठी वेळ आणि स्वच्छतागृह नसलेली खासगी जागा मिळण्याचा हक्क दिला आहे. आपल्या भगिनींनी तो संकोच न करता मागावा. भीक नव्हे, हक्क मागण्याची शिकवण आपल्याला घरातूनच मिळाली आहे.

मागील महिन्यात वंदनेनंतर आम्ही हा विषय काढला, तेव्हा एका ज्येष्ठ बांधवांनी विचारले, "हे या सभागृहात कशाला?" त्यांचा आदर राखून आम्ही एवढेच म्हणालो की महामायेच्या निधनानंतर सिद्धार्थाला दूध पाजून वाढवले ते महाप्रजापती गौतमीने, आणि ते आपण याच सभागृहात मुलांना सांगतो. मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी उभी केली, तीही आशियातील पहिली. एका आईचे दूध दुसरीच्या बाळाला देताना तिथे कोणी जात पाहत नाही. करुणेचा याहून स्पष्ट अर्थ आम्हाला ठाऊक नाही. ते बांधव हसले आणि म्हणाले, "मग माझ्या सुनेलाही बोलवा."

त्याच १९८९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या सांगितल्या. बाळ दूर असतानाही दूध कसे टिकवायचे ते आईला दाखवावे, हे त्यांत होतेच. तरीही ते 'दाखवणे' अनेकींपर्यंत पोहोचत नाही. ज्या भगिनी आश्रित व्हिसावर घरी असतात, ज्यांची आई वेळेवर येऊ शकत नाही, त्यांच्यापर्यंत तर मुळीच नाही.

म्हणून आपल्या गटातील दोन अनुभवी मातांनी जबाबदारी घेतली आहे. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत त्या घरी येतील आणि कापूस भरलेल्या मोज्यावर ही पकड शिकवतील. प्रसूतीपूर्वी स्वतःवर करून पाहायचे असल्यास मात्र आधी डॉक्टरांना विचारावे. ज्यांना दूध पाजता येत नाही किंवा पाजायचे नाही, त्यांना कोणीही बोल लावणार नाही. आमची विनंती एवढीच आहे की दवाखान्याच्या पिशवीत पंपाशेजारी एक चमचा ठेवा, आणि तो कसा वापरायचा हे रात्रपाळीची वाट न पाहता आधीच शिकून घ्या.

आमच्या घरातला तो चमचा अजून आहे. मुलगी हल्ली त्यानेच वरणभात सांडते.

जयभीम, नमो बुद्धाय.