गोरेपणाची डबी विकणाऱ्याला कोण विचारणार?

"डॉक्टर, मी कुठलंच औषध घेत नाही," असं ती एकवीस वर्षांची मुलगी ठामपणे सांगत होती. डोळ्यांखाली आणि पायांवर सूज होती, लघवीला फेस येत होता. तपासणीत लघवीतून भरपूर प्रथिने जात असल्याचे दिसले. दुसऱ्या भेटीत मी विचारले, "चेहऱ्याला काय लावतेस?" तेव्हा आईने पर्समधून एक छोटी डबी काढली. लग्न ठरल्यापासून चार महिने ती रोज लावत होती. डबीवर गोऱ्या मुलीचा फोटो होता. घटकांची यादी, उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक यांपैकी काहीच नव्हते.

अशा क्रीममध्ये बऱ्याचदा पारा असतो. पारा त्वचेत मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून काही आठवड्यांत रंग उजळतो. तोच पारा त्वचेतून रक्तात जातो आणि मूत्रपिंडाच्या चाळणीला इजा करतो. केरळमधील कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी २०२१ ते २०२३ या काळात मेम्ब्रेनस नेफ्रोपथी या मूत्रपिंडाच्या आजाराचे २२ रुग्ण तपासले. त्यांतील १५ जणांत या आजाराचा एक विशिष्ट, एरवी क्वचित दिसणारा प्रकार आढळला. या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम वापरत होते.

दुसरा गुन्हेगार म्हणजे स्टेरॉइड. हे मलम लावले की चेहरा आठवड्यात तुकतुकीत दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, पुरळ आणि लव येते, उन्हात आग होते. बंद केले की चेहरा लालबुंद होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. ही मलमे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत असा नियम आहे. तरीही "गोरं व्हायची क्रीम द्या" म्हटले की कित्येक दुकानांत तीच ट्यूब पुढे सरकवली जाते.

कायदा नाही असे नाही. डोळ्यांभोवतीची प्रसाधने सोडली, तर इतर सौंदर्यप्रसाधनांत पारा दहा लाख भागांत एक भागापेक्षा जास्त असता कामा नये. सदोष माल विकणे हाही गुन्हा आहे. पण गोम अशी की सौंदर्यप्रसाधने बनवायला परवाना लागतो, विकायला लागत नाही. त्यामुळे पार्लर, जनरल स्टोअर, मोबाइलवरचा विक्रेता, कोणीही काहीही विकतो. परवानाच नसेल तर तो रद्द होण्याची भीती कसली?

दुकानदार म्हणतात, "गिऱ्हाईक मागतं म्हणून आम्ही ठेवतो." मी हे मान्य करत नाही. बिननावाची डबी दुकानात येते तेव्हा बिल नसते, पत्ता नसतो, नफा मात्र भरपूर असतो. हे विकणाऱ्याला दिसत नाही का? मुलीला "लेबल का वाचलं नाहीस?" असे विचारणारे आपण, दुकानदाराला "लेबलच नसलेला माल ठेवलास कसा?" असे कधी विचारणार? विक्रेत्याची नोंदणी सक्तीची करा आणि दुकानांतून नमुने नियमित तपासा. माझी मागणी एवढीच आहे.

तोपर्यंत तुम्ही एवढे कराच:

• घटक, उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक नसेल ती वस्तू घेऊ नका. परदेशी मालावर आयात नोंदणी क्रमांक पाहा.
• आठवड्यात गोरे करणाऱ्या क्रीमवर संशय घ्या.
• अशी क्रीम लावत असाल आणि सूज किंवा फेसाळ लघवी दिसली, तर ती लगेच थांबवा, लघवी तपासून घ्या आणि डबी डॉक्टरांना दाखवा.
• स्टेरॉइडचे मलम बरेच दिवस लावले असेल, तर ते कसे थांबवायचे हे त्वचारोगतज्ज्ञाला विचारा.

त्या मुलीने डबी बंद केली. काही महिन्यांत प्रथिने जाणे थांबले आणि ठरल्या तारखेला लग्नही झाले, तिच्या मूळच्या सावळ्या रंगात. ती डबी मात्र त्या दुकानात अजून मिळते.