प्रस्तावना कोणाची?

इंग्रजी पुस्तकाच्या आरंभी कधी ‘प्रिफेस’ असा मथळा आढळतो, तर कधी ‘फोरवर्ड’. पुष्कळ विद्यार्थी हे दोन्ही शब्द एकाच अर्थाचे समजतात. वस्तुतः दोहोंत मोठा भेद आहे. प्रिफेस ग्रंथकर्ता स्वतः लिहितो. फोरवर्ड त्याच्याकरिता दुसरा कोणी लिहितो. पहिला शब्द लॅटिनमधून आलेला व जुना. दुसरा जर्मन शब्दाच्या धर्तीवर एकोणिसाव्या शतकात घडलेला.

मराठीत मात्र आपण दोहोंस ‘प्रस्तावना’च म्हणतो. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’ची प्रस्तावना लोकमान्य टिळकांनी स्वतः लिहिली. मंडालेच्या तुरुंगात ग्रंथ कसा सिद्ध झाला, हे तीत तेच सांगतात. हा झाला प्रिफेस. उलट, बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची गाणी १९५२ साली पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा त्या हयातही नव्हत्या. महाराष्ट्रास त्यांची ओळख करून दिली ती आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेने. हा झाला फोरवर्ड. पहिल्यात कर्ता आपल्या कृतीचा जबाब देतो, दुसऱ्यात परका तिची साक्ष देतो. जबाब आणि साक्ष यांस एकच नाव कसे पुरावे?

‘प्रस्तावना’ हा शब्द मूळचा रंगभूमीवरचा. संस्कृत नाटकात प्रस्तावना करतो तो सूत्रधार. ‘शाकुंतला’त कालिदासाचे नाव प्रेक्षकांस तोच सांगतो. नाटकवेड्या आमच्या झाडीपट्टीस हे निराळे समजावून सांगण्याचे कारण नाही. तेव्हा दुसऱ्याने लिहिलेल्या लेखास ‘प्रस्तावना’ म्हणावे, व लेखकाच्या स्वतःच्या निवेदनास रूढ असलेला ‘मनोगत’ हा शब्द राखून ठेवावा, असे आमचे नम्र मत आहे.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. हल्ली पुस्तक न वाचताच स्तुतिपर चार ओळी लिहून देणारे थोर गृहस्थ भेटतात, आणि नावाच्या वजनासाठी त्या मागणारे लेखकही भेटतात. मनोगतात कोणी स्वतःची थोडी बढाई मारली, तर वाचक ती ओळखून सोडून देतो. प्रस्तावनेवर मात्र तो विश्वासून पदरचे पैसे मोजतो. न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष ती खोटी साक्ष. दहा आज्ञांत तिचा निषेध आहे, हे आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊकच आहे. म्हणून पुस्तक हाती घेताच आरंभीच्या लेखाखालील सही प्रथम पाहावी, व मगच त्या शब्दांचे मोल ठरवावे.