सोनं, धूर आणि आपण

परदेश म्हटलं की होस्टेलवर चर्चा अमेरिका, जर्मनी आणि जीआरईच्या पुढे जात नाही. मी गेलो तो दुबईला, मामांकडे, आठ दिवसांसाठी. बर दुबईहून एक दिरहम देऊन 'अब्रा' नावाच्या लाकडी होडीतून खाडी ओलांडली की डेरा भाग येतो. तिथला 'गोल्ड सूक' म्हणजे सोन्याचा बाजार. लाकडी छताखालची गल्ली, दोन्ही बाजूंना सराफांची दुकानं आणि काचेमागे हार कसले, सोन्याची चिलखतंच टांगलेली! तिथे २००० साली घडवलेली 'नजमत तैबा' नावाची २१ कॅरटची अंगठी आहे. सोनं ५८ किलोंच्या वर. घालणार कोण, हे विचारायचं नाही! घासाघीस मात्र अगदी आपल्या सराफ कट्ट्यासारखी.

सगळे फोटो काढत होते. मला प्रश्न पडला, की हे सोनं शुद्ध कोण करतं? दुबईचं मला माहीत नाही, पण भारतातल्या सराफ बाजारांपुरतं उत्तर आपल्या घरातच आहे. विटा-खानापूर, आटपाडी, इकडे साताऱ्याचे माण-खटाव. पाऊस नाही, शेती पिकत नाही, म्हणून इथली पोरं बाहेर पडली आणि गलाईच्या धंद्यात शिरली. १९७२ च्या दुष्काळाने आणखी लोटली. आज पंजाबपासून तामिळनाडूपर्यंत कुठल्याही सराफ पेठेत जा, मागच्या बोळात आपली भाषा बोलणारा गलाईवाला भेटेल.

मित्रांनो, हा माणूस रोज करतो ती आपल्या पुस्तकातलीच केमिस्ट्री आहे. मोडीच्या सोन्यात चांदी किंवा तांबं मिसळून सोन्याचा वाटा साधारण एक चतुर्थांशावर आणायचा, मग नायट्रिक ॲसिडमध्ये उकळायचं. चांदी-तांबं विरघळतं, सोनं खाली तपकिरी भुकटी होऊन बसतं. ती धुऊन, टाकणखार घालून वितळवली की झालं शुद्ध सोनं.

पण त्या वेळी जो तांबूस धूर निघतो, तो नायट्रोजन डायऑक्साइड. तो फुप्फुसं जाळतो, आणि त्रास कधीकधी काही तासांनी उमटतो. त्यामुळे माणूस म्हणतो, "मला काय होतंय?" बंद खोली, एक छोटा पंखा, तोंडाला रुमाल. गावाकडे बांधलेले बंगले आपल्याला दिसतात, हा धूर दिसत नाही.

आता माझं रोखठोक म्हणणं. फायनल इयरला आपल्यातले कितीतरी जण प्रोजेक्ट विकत आणतात. त्यापेक्षा गलाईच्या भट्टीसाठी हूड, एक्झॉस्ट आणि कॉस्टिक सोड्याचा छोटा स्क्रबर का करू नये? कोणी म्हणेल, स्क्रबर तर कारखान्यांत असतोच, त्यात नवीन काय? नवीन हे, की तो दहा बाय दहाच्या खोलीत बसला पाहिजे आणि गलाईवाल्याला परवडला पाहिजे. शिवाय नायट्रिक ऑक्साइड पाण्यात सहज विरघळत नाही, म्हणजे एका टप्प्यात काम भागणार नाही. केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, तिघांनाही पुरेल एवढं डोकं त्यात लागेल.

आपल्यापैकी काहींची फी याच धंद्यातून भरली जाते. दिवाळीला, जत्रेला ही मंडळी गावी येतात. तेव्हा त्यांना पगार आणि पॅकेज सांगण्याआधी एवढंच विचारा, "काका, भट्टीवर धूर कुठून बाहेर जातो?" प्रोजेक्टचं पहिलं पान तिथेच लिहून होईल.