ज्ञानाला कुलूप कशाला?
कवठे महांकाळच्या द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्याच्या आरोग्यावर कीटकनाशकांचा काय परिणाम होतो, यावरील अनेक शोधनिबंध पैसे मोजल्याशिवाय वाचता येत नाहीत. केंद्राने २०२४ मध्ये ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली; तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये ठेवले. पण लाभ सरकारी शिक्षण व संशोधन संस्थांपुरताच. बागायतदार आणि गावातला खासगी डॉक्टर बाहेरच राहिले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजची प्रकाशनसंस्था २०१५ पासून आपली पुस्तके जगभरातील कोणालाही मोफत वाचू देते. आपल्या विद्यापीठांनीही तसेच करावे, सोबत मराठी सारांशही द्यावा. जनतेच्या पैशातून झालेले संशोधन जनतेला वाचता यायलाच हवे.