उघड्या पाइपाचा हिशेब

बँकेच्या नोकरीत कारखान्यांची पाहणी हे माझे आवडते काम होते. ताळेबंदात न भेटणारी माणसे तिथे भेटत, आणि कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्याला तेवढे निमित्त पुरते. १९८९ साली इचलकरंजी भागातल्या एका कापड प्रक्रिया कारखान्याचा मुदत कर्जाचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. कोळशाचा बॉयलर, जिगर, सुकवणीची यंत्रे, पंप अशी यादी होती आणि तिच्या तळाशी एक ओळ होती : वाफेच्या लाइनचे लॅगिंग, एक लाख ऐंशी हजार. ती ओळ मी लाल शाईने खोडली.

बँकेच्या रिवाजाला धरूनच ते होते. कर्ज थकले तर बॉयलर विकता येतो, पंप विकता येतात. पाइपाभोवती गुंडाळलेले ग्लासवूल सोलून ते कोणत्या लिलावात मांडणार? मालक व्यवहारी होता, वाद घालत बसला नाही. "राहू द्या की साहेब. बघू पुढं," म्हणाला. पुढे कोणी बघितले नाही.

दोन वर्षांनी नेहमीच्या तपासणीला गेलो. बॉयलरपासून रंगाई विभागापर्यंत पाइप उघडाच होता, आणि एके ठिकाणी तो खांद्याच्या उंचीवरून गेला होता. जिगरवर काम करणाऱ्या एका पोराच्या दंडावर वीतभर लांबीचा भाजल्याचा डाग दिसला. विचारले तर म्हणाला, "पाइप लागला, साहेब." आपण ठेच लागली म्हणतो त्याच सुरात. त्याने मालकाला दोष दिला नाही. आणि त्या डागात आपल्यासमोर उभ्या असलेल्या साहेबाचाही हात आहे, हे त्याला कळण्याचे काही कारण नव्हते.

जो हिशेब तेव्हा करायला हवा होता, तो मी निवृत्तीनंतर एका अभियंता मित्राला शेजारी बसवून केला. चार इंची पाइप, आत सुमारे १७० अंश सेल्सिअसची वाफ, बाहेर आपला तीस अंशांचा दिवस. असा पाइप उघडा राहिला तर दर मीटरमागे साधारण ९०० वॅट उष्णता हवेत जाते. म्हणजे पाइपाच्या प्रत्येक मीटरला एक शेगडी टांगलेली, आणि ती रात्रंदिवस कोणासाठीही नाही अशी चालू. कारखाना वर्षाला ८,००० तास चालतो, बॉयलरची कार्यक्षमता ७५ टक्के आहे आणि कोळसा किलोला ४,००० किलोकॅलरीचा आहे असे धरले, तर त्या एका मीटरपायी वर्षाला सुमारे दोन टन कोळसा जळतो. ५० मिलिमीटर जाडीचे चांगले लॅगिंग केले की तोटा दहाव्या हिश्शाच्या आत येतो. माझ्या त्या कारखान्यात असा पाइप शंभर मीटरच्या वर होता. पुढचा गुणाकार वाचकांनी करावा. मी केला आणि वही मिटली.

यात गूढ असे काही नाही. गरम वस्तूभोवती हवा अडवून धरणारा थर गुंडाळायचा, एवढेच तत्त्व. आपल्या आज्या खिरीचे पातेले गोधडीत ठेवत, त्यांना ते ठाऊक होते. कारखान्यात गोधडीच्या जागी ग्लासवूल किंवा रॉकवूल येते, त्यावर जाळी, जाळीवर ॲल्युमिनिअमचा पत्रा. तरीही कोणत्याही बॉयलर हाउसमध्ये जा, लांब सरळ पाइप चकचकीत पत्र्यात असतील आणि व्हॉल्व्ह व फ्लँज उघडे असतील. काम रनिंग मीटरच्या दराने दिलेले असते. सरळ पाइप झपाझप होतो. व्हॉल्व्हला वेळ लागतो आणि दर तोच. शिवाय दुरुस्तीला एकदा काढलेले लॅगिंग परत चढवायचे कोणाच्याच कामात लिहिलेले नसते. एक उघडा व्हॉल्व्ह साधारण एक मीटर उघड्या पाइपाइतकी उष्णता घालवतो, म्हणून पट्ट्यांनी बांधायची आणि सोडायची जाकिटे निघाली आहेत. ती घेतलेले कारखाने मी पाहिले. दुरुस्तीनंतर तीच जाकिटे कोपऱ्यात पडलेलीही पाहिली.

साखर कारखान्यांची गोष्ट जरा वेगळी. प्रवरानगरला १९५० साली सहकारी साखर कारखान्याचे धुराडे पेटले, आणि पुढे त्या नमुन्यावर महाराष्ट्रभर कारखाने उभे राहिले. तिथे जळण फुकटचे : उसाचे बगॅस. उरलेल्या बगॅसचे करायचे काय, हीच विवंचना असे. मग वाफ वाया गेली म्हणून कोण रडणार? सहवीजनिर्मिती आल्यावर चित्र पालटले. वाचलेली वाफ म्हणजे वाचलेले बगॅस, आणि वाचलेले बगॅस म्हणजे विकता येणारी वीज. जो पाइप संचालक मंडळाच्या नजरेस कधी पडला नव्हता, तो गळीत हंगामाच्या आधीच्या बैठकीत विषयपत्रिकेवर आला. किंमत आली की नजर येते. बँकेतली माझी सगळी वर्षे याला साक्ष आहेत.

पण ज्या गोष्टीची किंमत अजून कोणी लावलेली नाही, ती म्हणजे लॅगिंग करणाऱ्याची छाती. ग्लासवूलने अंगाला खाज सुटते, ती सोसता येते. त्याआधीच्या पिढीत मात्र बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉस असे. पोत्यातली भुकटी पाण्यात कालवून गिलावा करावा तशी हातांनी थापत, दोरखंड फ्लँजभोवती आवळत. त्याचे तंतू फुप्फुसात गेले की वीस, तीस, चाळीस वर्षे गप्प राहतात आणि मग ॲस्बेस्टॉसिस किंवा कर्करोग होऊन उठतात. अमेरिकेत आयर्विंग सेलिकॉफ यांनी १९६४ साली जो गाजलेला अभ्यास मांडला, तो नेमका न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या लॅगिंग कामगारांचाच होता. ब्रिटनने १९९९ साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. आपल्याकडे खाणकाम थांबले, आयात मात्र चालू राहिली. ती मुख्यतः सिमेंटच्या पत्र्यांसाठी.

सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ॲस्बेस्टॉस उद्योगांना बजावले की कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा ती सुटल्यानंतर १५ वर्षे, यांतले जे नंतर येईल तोपर्यंत जपून ठेवा. निकाल मोलाचा आहे. पण कंत्राटदाराच्या टेम्पोतून येणारा, आज या गावी तर उद्या त्या गावी पाइप गुंडाळणारा माणूस कोणाच्या नोंदवहीत सापडायचा? जुना कारखाना भंगारात निघतो तेव्हा तर नोंदवहीच नसते. गिरणगावातल्या गिरण्या पाडल्या गेल्या तेव्हा जमिनीचा भाव इंचाइंचाने मोजला गेला. बॉयलर हाउसमधल्या पाइपांवरून काय सोलून निघाले आणि ते सोलताना कोणाच्या तोंडावर निदान ओले फडके तरी होते का, ही चर्चा माझ्या वाचनात आली नाही. पाडकाम करणाऱ्याला हवा असतो आतला लोखंडी पाइप. वरचे पांढरे वेष्टण तो काठीने झोडून काढतो.

पावसाचेही सांगायला हवे. कोकणातल्या रासायनिक वसाहतींत पत्र्याचा सांधा जरा उघडा राहिला की पावसाळ्याचे पाणी लॅगिंगमध्ये शिरते. भिजलेले लॅगिंग उष्णता अडवत नाही, आणि त्याच्या आड पाइप गुपचूप गंजत जातो. बाहेरून सारे चकचकीत. गळती सुरू होते तेव्हाच कळते.

आता माझ्या जुन्या बिरादरीला दोन शब्द. यंत्रसामग्रीच्या कर्जात लॅगिंग तारण म्हणून धरू नका, पण प्रकल्पखर्चातून ते खोडूही नका. कर्जाचा हप्ता ज्या पैशातून यायचा तो पैसा तिथून गळत असतो. वार्षिक तपासणीच्या छापील नमुन्यात आणखी एक रकाना घाला : वाफेच्या लाइनवर उघडे पाइप आणि व्हॉल्व्ह किती. मोजायला अभियंता लागत नाही. आणि कर्ज थकून जुना कारखाना लिलावात काढाल तेव्हा अटींमध्ये लिहा की जुन्या लॅगिंगमध्ये ॲस्बेस्टॉस आहे का हे आधी तपासावे, असल्यास ते ओले करून, कामगारांना योग्य मुखवटे देऊन काढावे आणि बंद पिशव्यांतून घातक कचऱ्याच्या ठिकाणी न्यावे. लिलावाची रक्कम त्याने थोडी कमी येईल. तेवढी येऊ द्यावी.

इचलकरंजीच्या त्या कारखान्याचे कर्ज वेळेआधीच फिटले. उत्तम खाते म्हणून शाखेच्या अहवालात त्याचा उल्लेख झाला, आणि तो मीच लिहिला होता. पाइप तेव्हाही उघडाच होता.