विश्लेषण : रात्रपाळीनंतर झोप येत नाही... ‘तगर’ किंवा व्हॅलेरियनने ती येईल का?

चाकण, भोसरी, आकुर्डी, तळवडे या पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांत पाळी दर आठवड्याला बदलते. शरीराची झोप मात्र तेवढ्या वेगाने बदलत नाही. सकाळी रात्रपाळी सुटते, कंपनीची बस नाशिक फाट्यापर्यंत येते, तोवर ऊन वर आलेले असते. घरी पाठ टेकली तरी डोळा लागत नाही. झोपेच्या गोळीला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. व्हॅलेरियनची कॅप्सूल किंवा तगर चूर्णाची डबी मात्र मोबाइलवरून मागवता येते, आणि त्यावर ‘नैसर्गिक’ असे लिहिलेलेही असते. ती घेऊन खरेच झोप लागते का? यंत्रावर काम करणाऱ्यांनी ती घ्यावी का?

हा प्रश्न आताच महत्त्वाचा का?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतील दैनंदिन कामाच्या तासांची मर्यादा ९ वरून १२ पर्यंत वाढवण्यास मंजुरी दिली. तिमाहीतील ओव्हरटाइमची मर्यादाही ११५ तासांवरून १४४ तास करण्याचा निर्णय झाला. त्यासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक आहे. त्यानंतर २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यानुसार संमती आणि सुरक्षेच्या अटींवर महिलांनाही रात्रपाळीत काम करता येते.

हिशेब साधा आहे. १२ तास काम आणि जाण्यायेण्यात दोन तास धरले, तर दिवसाचे दहा तास उरतात. त्यातच जेवण, घरकाम, मुले आणि झोप. पुणे-नाशिक महामार्गावर किंवा तळेगाव-चाकण रस्त्यावर कोंडी झाली, तर पहिली कात्री झोपेलाच लागते.

व्हॅलेरियन आणि तगर एकच का?

दोन्ही एकाच कुळातल्या, पण वेगळ्या वनस्पती आहेत. युरोपात वापरली जाते ती ‘व्हॅलेरियाना ऑफिशिनॅलिस’. आयुर्वेदातील तगर म्हणजे हिमालयात वाढणारी ‘व्हॅलेरियाना जटामांसी’. तिचे जुने नाव ‘व्हॅलेरियाना वॉलिची’. दोन्हींचा जमिनीखालचा भाग औषधात वापरतात आणि दोन्हींना उग्र वास असतो.

नावांचा खरा घोळ इथून पुढे आहे. सोसायटीच्या बागेत किंवा देवळाच्या आवारात पांढऱ्या फुलांचे जे झुडूप असते, त्यालाही मराठीत तगर म्हणतात. ते ‘टॅबर्निमोंटाना’ वंशातले, पान तोडल्यावर चीक येणारे वेगळेच झाड आहे. झोपेसाठी त्याचे मूळ उकळून पिणे ही थेट चूक ठरेल. बाजारात मिळणारी जटामांसी हीदेखील वेगळी वनस्पती आहे. तगरच्या शास्त्रीय नावात ‘जटामांसी’ हा शब्द असल्याने गोंधळ आणखी वाढतो.

म्हणून परदेशी व्हॅलेरियनवर झालेल्या चाचण्यांचे निष्कर्ष कोणत्याही तगर चूर्णाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.

संशोधन काय सांगते?

व्हॅलेरियनच्या मुळात व्हॅलेरेनिक आम्ल असते. मेंदूला शांत करणारी ‘गाबा’ नावाची यंत्रणा असते, तिच्यावर हे आम्ल परिणाम करते, असे प्रयोगशाळेत दिसले आहे. माणसांवरील पुरावा मात्र कच्चा आहे. २००६ मध्ये १६ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे १,१०० जण सहभागी होते. झोपेचा दर्जा थोडा सुधारत असावा, पण अनेक चाचण्यांची पद्धत सदोष आहे, असा त्याचा सूर होता.

पुढे यंत्रणांची मते वेगळी पडली. युरोपीय औषध संस्था सौम्य ताण आणि झोपेच्या तक्रारींसाठी व्हॅलेरियनचा वापर मान्य करते. परिणाम हळूहळू दिसतो आणि त्यासाठी दोन ते चार आठवडे नियमित घ्यावे लागते, असेही ती सांगते. अमेरिकेतील झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत मात्र दीर्घकालीन निद्रानाशासाठी व्हॅलेरियन वापरू नये, असे सुचवले. त्या सूचनेला ‘दुर्बल शिफारस’ असा दर्जा आहे, म्हणजे उपयोग नाही असे ठामपणे म्हणण्याइतकाही पुरावा हाती नाही.

थोडक्यात, ‘आज कॅप्सूल घेतली, आज झोप लागली’ असा दावा करणारे रील आणि उपलब्ध पुरावा यांत मोठे अंतर आहे.

रात्रपाळीच्या कामगाराची अडचण वेगळी कशी?

चिंतेमुळे रात्री झोप न लागणे ही एक गोष्ट. शरीर ‘आता दिवस आहे’ असे सांगत असताना झोपावे लागणे ही दुसरी. मेंदूतील घड्याळ प्रामुख्याने उजेडावर चालते. अंधार पडल्यावर मेलाटोनिन हे संप्रेरक वाढते, सकाळच्या उन्हात कमी होते. नवीन पाळीशी जुळवून घ्यायला या घड्याळाला बरेच दिवस लागतात. ते जुळते न जुळते तोच आठवडा संपतो आणि पाळी बदलते.

व्हॅलेरियन फार तर गुंगी आणेल. ते हे घड्याळ पुढेमागे करते, असा पुरावा नाही. चाकणजवळच्या वस्त्यांत एका खोलीत वेगवेगळ्या पाळ्यांचे तिघे-चौघे राहत असतील आणि वर तापणारा पत्रा असेल, तर त्यावरही ते उपाय नाही.

धोका नेमका कुठे?

व्हॅलेरियनमुळे वाहन चालवण्याची आणि यंत्रावर काम करण्याची क्षमता कमी होऊ शकते, असा इशारा युरोपीय संस्थेनेच दिला आहे. वाहन उद्योगाच्या पट्ट्यात हा इशारा वरवरचा नाही. ‘सेफ इन इंडिया फाउंडेशन’ २०१९ पासून ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत बोटे तुटण्याचे मोठे कारण पॉवर प्रेस असल्याचे त्यांतून वारंवार समोर आले आहे. त्या अपघातांचा व्हॅलेरियनशी संबंध दाखवलेला नाही. पण जिथे क्षणभराची डुलकी बोट घेऊन जाते, तिथे गुंगी आणणारी कोणतीही वस्तू जपूनच घ्यायला हवी.

दारू, झोपेच्या गोळ्या किंवा गुंगी आणणाऱ्या ॲलर्जीच्या गोळ्यांसोबत ती घेतल्यास परिणाम वाढू शकतो. गरोदर व स्तनदा महिला आणि १२ वर्षांखालील मुलांना ती देऊ नये. यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या नोंदी आहेत, त्यातील अनेकांत मिश्र औषधे घेतलेली होती. घरगुती उपाय म्हणून दुधातून घेतले जाणारे जायफळही जास्त प्रमाणात विषारी ठरते. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे.

मग करायचे काय?

* घरी परतताना बसमध्ये गॉगल वापरावा. खोलीत जाड पडदा लावावा, मोबाइल दूर ठेवावा.
* चहा-कॉफी पाळीच्या पूर्वार्धातच घ्यावी.
* पहिल्या रात्रपाळीआधी दुपारी तास-दीड तास झोपावे.
* खूप झोप येत असेल तर रात्रपाळीनंतर दुचाकी चालवू नये.
* तरीही कॅप्सूल किंवा चूर्ण घ्यायचेच असेल, तर आधी डॉक्टर किंवा वैद्यांना सुरू असलेली सगळी औषधे सांगावीत. डबीवर वनस्पतीचे पूर्ण नाव आणि परवाना क्रमांक पाहावा. सुरुवात सुटीच्या दिवशी करावी, कामाच्या आधी नाही.

आठवड्यात तीन किंवा अधिक रात्री झोप बिघडत असेल आणि हे तीन महिने चालले असेल, तर तो निद्रानाश समजून तपासणी करावी. मोठ्याने घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे ही लक्षणे असतील, तर गुंगीचे औषध घेण्याआधी डॉक्टर गाठावा. विमाधारक कामगारांसाठी चिंचवडचे ईएसआयसी रुग्णालय आणि सर्वांसाठी पिंपरीतील महापालिकेचे वायसीएम रुग्णालय आहे. ताण किंवा चिंता मुळाशी असेल, तर ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते. निद्रानाशावर जगभर पहिली पसंती औषधाला नाही, सवयी आणि विचारांवर काम करणाऱ्या उपचारपद्धतीला आहे.

जबाबदारी फक्त कामगाराची का?

नाही. पहिली, मग दुसरी, मग रात्र अशा क्रमाने पाळी फिरवली तर शरीराला जुळवून घेणे सोपे जाते. उलट्या क्रमाने ते अवघड होते. दोन पाळ्यांमध्ये पुरेसे तास ठेवणे, रात्रपाळीत छोटी विश्रांती देणे, बसची सोय करणे हे व्यवस्थापनाच्या हातात आहे. नव्या संहितांनुसार चाळिशीपुढच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करायची आहे. तिथे रक्तदाब आणि साखरेसोबत झोपेचाही प्रश्न विचारला गेला, तर निद्रानाश लवकर लक्षात येईल. संमतीपत्रावर सही करून बारा तासांचे काम स्वीकारताना उरलेल्या तासांत झोप किती मिळणार, हा प्रश्न कामगार आणि संघटनांनीही विचारायला हवा. त्याचे उत्तर कॅप्सूलमध्ये मिळणार नाही.